चुलीपुढचा हवालदार

दत्तू हवालदारानं माझं एक ठरलेलं लग्न मोडलं. माझं म्हणजे मी ठरवलेलं. आयुष्यात मी भांडी विकली, जागा विकल्या, दुसऱ्यांच्या म्हशी विकून दिल्या आणि गावातली कितीतरी लग्नं बैठकीत बसून जुळवली. हातातोंडाशी आलेला सौदा फिसकटला असं माझ्या बाबतीत फार थोड्या वेळा झालं, आणि झालं तेव्हा समोरच्या पार्टीनं दगा दिलेला असायचा. पण आपल्याच बाजूचा माणूस, तोही मुलीचा बाप, भरल्या बैठकीतून उठून चुलीपुढं जाऊन बसला आणि सौदा गेला, हे एकदाच झालं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. हवालदारही आता नाही. माझा राग मात्र जागच्या जागी आहे, आणि तो तसाच ठेवून मी हे लिहितो आहे.

त्याची माझी पहिली गाठ पलूसच्या बाजारात पडली. तेव्हा माझं दुकान नव्हतं. सायकलच्या मागं पोतं बांधून मी आष्टा, पलूस आणि आसपासचे बाजार करायचो. रस्त्याकडेला तरट अंथरायचं आणि त्यावर तवे, पराती, जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली मांडायची. या धंद्यात गिऱ्हाईक बाई असते आणि पैसा पुरुषाच्या खिशात असतो. बाई भांडं उलटंपालटं करते, पुरुष लांब उभा राहून बिडी ओढतो. भांडीवाल्यानं बोलायचं बाईशी आणि डोळा ठेवायचा बिडीवर. बिडी संपत आली की भाव पक्का करायचा, कारण पुरुषाला कंटाळा आलेला असतो. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकलो.

त्या दिवशी तरटापुढं एकटाच पुरुष येऊन बसला. उंच, काळा, कल्लेदार मिशा, अंगात पलटणीतला हिरवा स्वेटर आणि खाली धोतर. त्यानं एक लोखंडी तवा उचलला, कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं वाजवला. दुसरा वाजवला. तिसरा घेऊन शेजारच्या सपाट दगडावर ठेवला आणि कडेला बोट लावून गरकन फिरवला.

"बूड हलतंय," तो म्हणाला.

"बूड? हवालदार, दगुड हलत आसंल. तवा न्हाई हलत," मी म्हणालो. हवालदार हे मी अंदाजानं म्हणालो होतो. मिशा आणि स्वेटर बघून.

"दगुड जमिनीत रोवलाय."

"बरं, वहिनींना घिऊन या. वापरनार त्या. त्यांच्या पसंतीनं निवडू."

"वहिनी मोटरीवर गेलीया, पानी सोडाय. वापरनार मी. बोल."

मी हसलो. ते चुकलं. समोरच्याला हसलं की त्याला जोर येतो. हा माणूस बिडी ओढत नव्हता, त्याला घाई नव्हती, आणि माझ्यात आणि त्याच्यात तिसरं माणूस नव्हतं. ऊन डोक्यावर आलं तरी तो उठेना. तव्याची कड कशी जाड आहे, ती तापायला कसा उशीर होतो, मधला भाग आधी तापून भाकरीला डाग कसा पडतो, हे तो शांतपणे सांगत राहिला. शेवटी मी वैतागून त्यानं मागितलेल्या भावात तवा दिला. तो उठला, तवा काखेत मारला आणि म्हणाला, "बूड हलतंयच. पन चालवून घितो."

आयुष्यात मला हरवून गेलेलं गिऱ्हाईक हे एवढंच.

पुढं मी त्याच्याच गावात, त्याच्याच आळीत दुकान टाकलं आणि मग त्याचं घर रोज समोर दिसायला लागलं. उभी जवानी पलटणीच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात काढून तो पेन्शनवर आला होता. तेवढी सगळी वर्षं शेत त्याच्या बायकोनं, शेवंतावहिनीनं केलं होतं. सुट्टीत महिनाभर यायचा, पुन्हा जायचा. कायमचा घरी आला तेव्हा गावच्या रीतीप्रमाणं खोरं त्यानं हातात घेतलं आणि वहिनींना चुलीकडं पाठवलं. त्या हंगामात त्यानं उसात पाणी असं सोडलं की खालचा तुकडा कुजला आणि वरचा वाळला. आणि वहिनींनी घरात भाकरी अशा केल्या की हवालदार म्हणाला, ह्या भाकरीवर पलटण लढायला गेली नसती.

वहिनींना मुळात स्वयंपाकाची गोडी नव्हती. माणूस घरी नसताना पीठ कालवून दोन जाड भाकरी टाकायच्या, मिरचीशी खायच्या आणि रानात पळायचं, एवढंच त्यांनी केलेलं. एक दिवस हवालदारानं खोरं त्यांच्या हातात दिलं आणि काठवट आपल्यापुढं ओढली. घरात भांडण नाही की चर्चा नाही. विचारलं की तो म्हणायचा, "ज्येचा हात जिथं बसलाय तितं त्येची ड्यूटी. त्यात काय इचारायचं?"

ड्यूटी हा त्याचा लाडका शब्द. पहाटे दाढी करून, मिशांना पीळ देऊन, केस विंचरून तो चुलीपुढं बसायचा. उघड्या अंगानं किंवा पारोसा कधीच नाही. भाकरी तो काठवटीत थोडीशी थापून पुढं दोन्ही तळव्यांवर फिरवत मोठी करायचा. टप टप टप टप, एकसारखा आवाज. आळीत आम्ही त्या आवाजावर उठायचो. उलथणं त्याला लागत नसे, बोटांनीच भाकरी उलटायचा. पहिली भाकरी रानात जायची, वहिनींना. दुसरी मुलीला, सुमनला. स्वतः सगळ्यात शेवटी खायचा. "लांगरी आदी जेवला की पलटण उपाशी ऱ्हाती," म्हणायचा.

आणि त्याला नाक होतं. रस्त्यातून जाताना एखाद्या घरापुढं थबकायचा आणि हाक द्यायचा, "आवं, फोडणी उतरा! मव्हरी जळाली!" आतली बाई एकीकडं शिव्या देत दुसरीकडं पातेलं उतरायची, कारण मोहरी खरंच जळालेली असायची.

गाव त्याला भाकरी हवालदार म्हणायचं. पाठीमागं म्हणायचं आणि थोडं तोंडावरही. मला त्या लोकांचा हिशेब कधी कळला नाही. याच गावात जत्रेचा महाप्रसाद पुरुष शिजवायचे आणि त्या मोठ्या कढईजवळ बाईला फिरकू द्यायचे नाहीत. लग्नातला आचारी पुरुष, गुऱ्हाळातला गुळव्या पुरुष. हवालदारानं पलटणीला जेवू घातलं त्याबद्दल सरकारनं त्याला बिल्ला दिला, तो बिल्ला गावानं हातात घेऊन पाहिला आणि मान डोलावली. म्हणजे शेकडो माणसांसाठी रांधलं की मर्दुमकी, आणि घरच्या तिघांसाठी दोन वेळा रांधलं की बायलेपणा. माल तोच, फक्त घाऊकला मान आणि किरकोळीला हसू. असा धंदा मी केला असता तर कधीच बुडालो असतो.

एकदा जत्रेत गावातल्या पोरांनी विनोदी नाटक बसवलं. त्यात एक पात्र होतं, कल्लेदार मिशा लावलेलं, कमरेला बायकोचं पातळ गुंडाळलेलं आणि हातात लाटणं. बायको आली की ते थरथरायचं आणि भाकरी लाटायला बसायचं. लोक हसून लोळत होते. हवालदार पहिल्या रांगेत बसला होता, पलीकडं बायकांत शेवंतावहिनी. मी त्याच्याकडं बघत होतो. आता हा उठतो आणि एकाला तरी लोळवतो, असं मला वाटलं. मी असतो तर लोळवला असता.

तो खरंच उठला. सरळ रंगमंचावर चढला. बाजा थांबला. मिशीवालं पोरगं मागं सरकलं.

"लाटनं टाक त्ये," हवालदार म्हणाला. "भाकरीला लाटनं लागतंय व्हय रं? तुज्या आयेला कवा बघितलं न्हाईस का थापताना? रोज खातोस आन कशी हुती त्ये ठावं न्हाई?"

लोकांना आधी कळेना हसायचं की काय. मग बायकांच्या बाजूनं हसू फुटलं, आणि ते पुरुषांच्या हसण्यापेक्षा मोठं होतं. हवालदारानं पोराचे दोन्ही हात धरले आणि हवेतल्या हवेत थापायला लावलं. "आसं. आता दाब. मनगाट ढिलं सोड." वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी तो त्या पोराला म्हणाला, "नक्कल करायची तर नीट करायची, गड्या. ड्यूटी हाय ती बी," आणि खाली येऊन बसला. पुढच्या वर्षी त्या पात्राला नाटकात जागा राहिली नाही.

पुस्तकं मी उशिरा वाचायला लागलो. दुकान चालायला लागल्यावर दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा वाचनालयातून आणायचो. त्यात मला सगळी गावं सापडली, सगळे धंदे सापडले, हवालदार काही सापडला नाही. पुस्तकातला मिशीवाला फौजी बंदूक घेऊन असतो, नाहीतर दारू पिऊन. रांधणारा पुरुष असला तर तो हसण्यासाठी असतो, आणि रानात राबणारी बाई असली तर ती रडण्यासाठी. शेवंतावहिनींना मी उसाच्या फडात टोळीच्या मुकादमाशी भांडताना पाहिलेलं आहे. रडण्याची वेळ मुकादमावर यायची.

सुमन चौथीत असताना हीच भानगड घरात आली. गुरुजींनी 'माझी आई' असा निबंध घातला होता. पोरीनं जे रोज बघत होती ते लिहिलं. 'माझी आई पहाटे मोटर चालू करायला जाते. माझे वडील भाकरी करतात.' गुरुजींनी ही दोन वाक्यं तांबड्या शाईनं कापली आणि वर्गात वाचून दाखवली. वर्ग हसला. पोर रडत घरी आली.

हवालदार दुसऱ्या दिवशी शाळेत गेला. मला बरोबर नेलं, बोलायला म्हणून. मी तोंड उघडायच्या आत त्यानं गुरुजींना सॅल्यूट ठोकला.

"गुर्जी, पोरीनं खोटं लिवलं का?"

गुरुजी भला माणूस. ओशाळले. "खोटं नाही हो, हवालदार. पण निबंध असा लिहीत नसतात. निबंधातली आई पहाटे उठते, सडा घालते, जात्यावर दळते, मुलांना मायेनं जेवू घालते. परीक्षेत मार्क त्या आईला मिळतात."

"मग ती कुनाची आई?"

"सगळ्यांची."

"माज्या पोरीची न्हाई ना?" हवालदार म्हणाला. "मग तिनं दुसऱ्याच्या आईवर कशापायी लिवायचं?"

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतं. पण तपासणारा मी एकटा नाही. स्कॉलरशिपचा पेपर बाहेर जातो." त्या वर्षापासून सुमन दोन निबंध लिहायची. एक शाळेसाठी, ज्यात आई सडा घालायची आणि वडील वर्तमानपत्र वाचायचे. दुसरा घरात, चुलीजवळ बसून वडलांना वाचून दाखवायला. शाळेतल्या निबंधाला मार्क मिळायचे. घरातल्या निबंधाला गरम भाकरी.

आता लग्नाकडं येतो.

सुमन मॅट्रिक झाली आणि आष्ट्याकडचं एक स्थळ मी आणलं. बागायत ऊस, विटांचं घर, मुलगा कारखान्याच्या ऑफिसात. मुलाचे वडील, आबा, बाजारात मला मान देणारा माणूस. मी पाच-सहा फेऱ्या मारल्या. देण्याघेण्याच्या गोष्टी त्यांनी जिथं धरल्या होत्या तिथून खाली आणल्या. असं स्थळ गावात कुणाला आलं नव्हतं. राहिला होता फक्त बघण्याचा कार्यक्रम.

आदल्या दिवशी मी हवालदाराला समोर बसवलं. "उद्या तुमी फकस्त बसायचं. बाजेवर, कोट घालून. मिशीवर हात फिरवायचा. सरहद्दीच्या गोष्टी सांगायच्या. चुलीकडं बघायचं बी न्हाई."

"आन सैपाक?"

"पावनं यायच्या आदी करून ठेवा. पावन्यांम्होरं वहिनी आत दिसल्या पायजेत."

"भावजी, मी आत काय करू?" वहिनी म्हणाल्या. "मीठ कुटं ठिवत्यात त्ये बी मला ठावं न्हाई."

हवालदारानं खुंटीवरचा कोट काढून पाहिला. मग म्हणाला, "पोरीचं बरं हुनार आसंल तर बसतो, शेठ. हुकूम म्हंजे हुकूम." सुमनला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. तेव्हा विचारत नसत.

पाहुणे आले. आबा, मुलगा आणि मुलाची आत्या. पोहे पुढं आले. आत्यानं एक घास घेतला आणि म्हणाली, "पोरीचा हात झ्याक हाय." मी म्हणालो, "तर वं! लहानपनापास्नं." सुमननं जमिनीकडं पाहिलं. हवालदारानं मिशीवर हात फिरवला. सगळं ठरल्याबरहुकूम चाललं होतं आणि मी मनात शुभमुहूर्त काढत होतो.

मग जेवणाची वेळ झाली आणि आत्याबाई आत गेली. झाकून ठेवलेल्या भाकरी बघून म्हणाली, "ह्या निवल्या की. पोरीच्या हातची गरम भाकरी खाऊ. थाप गं बाई."

सुमनला भाकरी येत होती. बापानं शिकवली होती. पण जाळ घालायला बसल्या होत्या शेवंतावहिनी. त्यांनी उसाच्या वाळल्या पाचटाचे कवळे उचलले आणि गुऱ्हाळाच्या चुलवणात कोंबावेत तसे कोंबले. जाळ तव्याच्या वर आला.

बाहेर हवालदार आबांना सांगत होता, "आमची तुकडी पुलाच्या अलीकडं, बर्फ गुडघ्याएवढा, आन समोरनं..." इथं तो थांबला. त्याचं नाक हललं. मी त्याचा गुडघा दाबला.

"समोरनं काय, हवालदार?" आबांनी विचारलं.

"तवा तापलाय," हवालदार म्हणाला.

मी गुडघा आणखी दाबला. तो बसून राहिला. कपाळावर घाम आला. सरहद्दीवर आला नसेल एवढा. आतून करपल्याचा वास यायला लागला, आणि मग "आई गं!" असा सुमनचा आवाज आला. झालं. माझा हात झटकून हवालदार उठला आणि आत गेला. कोट अंगात तसाच. जळतं पाचट ओढून बाहेर काढलं, तव्यावर पाण्याचा हात मारला, पोरीची बोटं तांब्यातल्या पाण्यात बुडवली, बाह्या वर सारल्या आणि काठवट पुढं ओढून बसला. टप टप टप टप. दार सताड उघडं होतं. बाहेरून सगळं दिसत होतं.

"हवालदार, ह्ये काय?" आबा म्हणाले.

"पलटनीतली सवय वं, आबा," मी घाईनं म्हणालो. "अदनंमदनं हौस म्हनून..."

"हौस न्हाई," हवालदार चुलीकडं तोंड ठेवून म्हणाला. "रोजचं हाय."

"आन पोहं?" आत्यानं विचारलं.

हवालदारानं भाकरी उलटली. त्यानं सुमनकडं पाहिलं. या माणसाला शब्द शोधताना मी पहिल्यांदा पाहत होतो. पोरीचं सगळं पुढचं आयुष्य त्या उंबऱ्यावर अडकलं होतं आणि ते त्याला समजत होतं. खोटं बोललं तर अजूनही निभावलं असतं. मी डोळ्यांनी तेच सांगत होतो.

सुमन उठून उभी राहिली. भिजलेली बोटं पदराला पुसली आणि अगदी शाळेत वाचावं तशा स्वच्छ भाषेत म्हणाली, "माझी आई पहाटे मोटर चालू करायला जाते. माझे वडील भाकरी करतात."

तांबड्या शाईनं कापलेली ती दोन वाक्यं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

पाहुणे जेवले. चांगले जेवले. आबांनी वरून एक भाकरी मागून घेतली. मग हात धुतले आणि म्हणाले, "कळवतो." बैठकीच्या भाषेत कळवतो म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. मी त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत गेलो.

"भाकरी फस्क्लास हुती, शेठ," आबा म्हणाले. "पन आमच्या घरात बाया बायांवानी नांदत्यात. उद्या ही पोरगी आमच्या पोराला म्हनली, तू थाप, तर?"

"तर थापंल की! हात मोडत्यात का त्येचं?" मी ओरडलो.

माझा स्वभाव तापट आहे हे मान्य. पण ते वाक्य माझं नव्हतंच. ते माझ्या तोंडात घातलं कुणी? रोज पहाटे टप टप ऐकवून ऐकवून, हवालदारानंच. राहिलेला सौदा त्या वाक्यानं गेला, तोही मी त्याच्याच खात्यावर टाकतो.

परत आलो तो हवालदार अंगणात बसला होता. मिशा उतरलेल्या. मी तावातावानं बोलून घेतलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "शेठ, पोरीचं वाटुळं केलं का मी?"

"गिऱ्हाईक गेलं," मी म्हणालो, "माल कुटं गेलाय?"

तेव्हा मात्र तो ताडकन उठला. "माजी पोर माल न्हाई," म्हणाला. मला गप्प बसवणारी माणसं थोडी.

पण गोष्ट पसरली. पुढं स्थळं यायची आणि उंबऱ्याबाहेरूनच परत जायची. कुणी म्हणे, आई पुरुषी आहे. कुणी म्हणे, बाप बायल्या आहे, पोरीला काय वळण लागलं असेल. हवालदार भाकऱ्या करत राहिला, पण टप टप पूर्वीसारखं एकसारखं येईना. मधेच थांबायचं. माझी बायको म्हणायची, "काहीतरी करा की वं. नुसतं रागवून बसलाय." मी रागावून बसलो होतो हे खरं, पण डोळे मिटून बसलो नव्हतो.

एकदा दुकानात एक पोरगा आला. आटपाडीकडचा, सांगलीला एस.टी.च्या वर्कशॉपात कामाला. खोली घेऊन एकटा राहायचा. आमच्या गावात मित्राकडं आला होता. त्यानं तवा उचलला, कानाजवळ धरला आणि पेरानं वाजवला.

मी तवा त्याच्या हातातून काढून घेतला. "कुनासाटी?"

"माज्यासाटीच. हातानं करून खातो."

"लगीन झालंय?"

"न्हाई."

"बस," मी म्हणालो.

या वेळी मी हवालदाराला काही पढवलं नाही. पोरगा आणि त्याची आई चुलीजवळच बसली, कारण हवालदार तिथंच होता. त्यानं पहिली भाकरी पोराच्या ताटात टाकली आणि बघत बसला. पोरानं घास मोडला, चावला आणि म्हणाला, "कड जराशी जाड ऱ्हायली, न्हाई का?"

मी डोक्याला हात लावला. आयुष्यात हवालदाराच्या भाकरीला नाव ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. हवालदारानं भाकरी उचलून उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं आणि वहिनींना म्हणाला, "जाड हाय. ह्येला कळतंय." मग सुमनकडं वळून म्हणाला, "पोरी, तुजं काय म्हननं?" या वेळी विचारलं. सुमन पोराला म्हणाली, "मला मोटर चालवता येते. सांगलीत मोटर नाही, पण मला काहीतरी करायचं आहे. घरात नुसती बसणार नाही." पोरगा म्हणाला, "बसून भागतंय व्हय?" झालं लग्न. माझ्यासाठी ओढाताण करायला काहीच शिल्लक राहिलं नाही. मधल्या माणसाचा असा अपमान मी दुसऱ्या कुठल्या बैठकीत सोसला नाही.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते सांगलीच्या एस.टी. स्टँडवर. मी माल भरायला गेलो होतो. आटपाडीच्या गाडीत खिडकीशी हवालदार बसलेला. कोट घातलेला, मिशांना पीळ, आणि मांडीवर धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी वाटोळं. मी खिडकीशी गेलो.

"लेक बाळंत झाली," तो म्हणाला. "सासरीच. दिस आदीच भरलं, हिकडं आनता आली न्हाई. तिच्या सासूला डोळ्यानं कमी दिसतंय. म्हनून चाललोय, म्हैनाभर ऱ्हातो."

शेजारी एक म्हातारी बसली होती. ती वळून बघायला लागली. "कुनाच्या बाळातपनाला? लेकीच्या? आन तिची आई कुटं हाय?"

"तिच्या उसाला तोड आलीया. ती फडात हाय."

"मग बाळंतिनीचं कोन करनार?"

"मी."

म्हातारीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग खिडकीतून माझ्याकडं बघून म्हणाली, "खरं म्हनतोय का वं ह्यो?"

विकताना मी मालाची तारीफ पुष्कळ केली आहे, आणि ती सगळीच खरी होती असा माझा दावा नाही. "खरं हाय, आजी," मी म्हणालो. "रोजचं हाय त्येचं. आख्ख्या मुलखात आसली भाकरी कुनाला जमत न्हाई."

हवालदारानं मिशीची डावी बाजू पिळली. गाडी सुरू झाली. त्यानं धडपं सोडून आतला तवा बाहेर काढला. तोच, पलूसच्या बाजारातला. काळाभोर, गुळगुळीत झालेला. तो खिडकीतून माझ्यापुढं नाचवत ओरडला, "आजून हलतंय, शेठ! बूड आजून हलतंय!"

"बदलून देतो! येताना घिऊन या!" मी गाडीमागं चालत ओरडलो. "दगुड बी माजाच घालतो!"

तो हसत होता. गाडी वळली. त्या हिवाळ्यातच, आटपाडीहून परतल्यावर थोड्या दिवसांनी तो गेला. तो परतल्यापासून मी मालासाठी बाहेरगावीच होतो. तवा तो लेकीकडंच ठेवून आला होता. परवा सुमन मुलाला घेऊन दुकानात आली होती. मी तिला विचारलं, तवा कसा आहे. म्हणाली, रोज वापरात आहे, तिच्या नवऱ्याच्या हातात. बुडाचं मी विचारलं नाही. विचारायचं कारण नाही. त्या तव्याचं बूड हलत नव्हतं. पहिल्या दिवशीही हलत नव्हतं.